नजरेची रेघ : लेव्हलचं भिंग आणि फोकस तपासण्याविषयी

परभणीच्या कृषी विद्यापीठातला कुठलाही प्रबंध उघडला, तर ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य हमखास सापडतं : परभणी सुमारे 19 अंश 16 मिनिटं उत्तर अक्षांशावर, 76 अंश 47 मिनिटं पूर्व रेखांशावर आणि समुद्रसपाटीपासून 409 मीटर उंचीवर आहे. प्रबंध सोयाबीनवरचा असो की ज्वारीवरचा, वाक्य तेच. विद्यार्थी ते आधीच्या प्रबंधातून उतरवून घेतो, मार्गदर्शक त्यावरून नजर फिरवतात आणि पान उलटतं. मी मात्र त्या 409 पाशी दर वेळी थांबतो. समुद्र इथून सरळ रेषेत जवळजवळ चारशे किलोमीटर लांब. तिथली पातळी इथवर आणायची तर कुणीतरी स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, आणि लेव्हल, म्हणजे आडवी नजर टाकणारी दुर्बीण, घेऊन चालत यायला हवं. एका नजरेला पन्नास मीटर धरले तर चार हजार वेळा यंत्र मांडायचं, आठ हजार वेळा दुर्बिणीत डोळा लावायचा आणि प्रत्येक वाचन आधीच्या वाचनावर रचत जायचं. देशातल्या उंचींचं हे जाळं 1909 साली नऊ बंदरांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर बसवलं गेलं. मुंबई आणि कारवार त्या नवांतली. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोरीच्या कठड्यावर रंगवलेला आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, जेव्हा खरा असतो, तेव्हा त्याच्यामागे अशा हजारो नजरा सरळ गेलेल्या असतात.

ती नजर सरळ जाते की नाही, हे कसं पाहायचं, एवढ्याच विषयावर ही पुस्तिका आहे. डिप्लोमाला सर्व्हे शिकणारी मुलं, कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कालव्यावर आणि रस्त्यावर काम करणारे कनिष्ठ अभियंते, आणि ज्यांच्या हातात यंत्र सगळ्यात जास्त वेळ असतं पण ज्यांना ते उघडून कुणी कधी समजावून सांगत नाही ते खलाशी, या सगळ्यांसाठी ती लिहिली आहे. पाठ्यपुस्तकात हा भाग असतो. ‘पर्मनंट अॅडजस्टमेंट’ या नावाने तो शेवटच्या प्रकरणात येतो, परीक्षेला आठ गुणांचा प्रश्न म्हणून पाठ होतो आणि फील्डवर गेल्यावर विसरला जातो. मीही विसरलो होतो. त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्यांनी भरली. म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका चारीची मोजणी माझ्याकडे होती. लांबी दीड-दोन किलोमीटर, जमीन सपाट, काळी. डंपी लेव्हल कार्यालयातून उचलली, पेटी उघडली, बबल मधोमध आणला आणि कामाला लागलो. आदल्या वर्षी ती लेव्हल ट्रकमधून तीन ठिकाणी फिरली होती. तपासणी कधी झाली, हे मी कुणाला विचारलं नाही. मागची नजर पावलं मोजून तीस मीटर ठेवायचो आणि पुढची दिसेल तिथवर, म्हणजे बहुतेक पन्नास. दिवस मावळायच्या आत संपवायचं होतं. चारी खोदली गेली, पाण्याची पहिली पाळी सुटली आणि पाणी निम्म्या वाटेवर येऊन थबकलं. पुढे सरकत होतं, पण विहिरीचा झरा सरकावा तसं. टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, एक म्हातारा शेतकरी बांधावर उकिडवा बसून बघत होता. तो एवढंच म्हणाला, “साहेब, तुमच्या दुर्बिणीत उतार हाय म्हनता, पर पान्याला त्यो दिसंना की.”

दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर मी दोन खुंट्या ठोकल्या.

दोन खुंट्यांची ही परीक्षा, ‘टू पेग टेस्ट’, या पुस्तिकेचा कणा आहे. ती इथेच आकड्यांनिशी सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे पुढची पानं वाचायला वेळ नाही त्याच्या पदरातही काही पडेल. साठ मीटर अंतरावर अ आणि ब अशा दोन पक्क्या खुंट्या ठोकायच्या. यंत्र बरोबर मध्ये, दोन्हींपासून तीस मीटरवर लावायचं. समजा अ वर 1.425 आणि ब वर 1.183 वाचलं. फरक 0.242. यंत्राची नजर वर झुकलेली असो की खाली, दोन्ही अंतरं सारखी असल्यामुळे दोन्ही वाचनांत सारखीच चूक शिरते आणि वजाबाकीत निघून जाते. म्हणून बिघडलेल्या यंत्रातूनही हा 0.242 खरा मिळतो. आता यंत्र उचलून अ च्या मागे तीन मीटरवर, त्याच रेषेत लावायचं. अ वर 1.512 वाचलं, तर ब वर 1.270 यायला हवं. आलं 1.282. म्हणजे साठ मीटरच्या जादा अंतरात नजर 12 मिलिमीटर वर गेली, मीटरमागे 0.2 मिलिमीटर. कोनात मोजलं तर सुमारे 41 सेकंद, म्हणजे एका अंशाचा ऐंशीवा भागसुद्धा नाही. डोळ्याला, हाताला, बबलला, कशालाच हे जाणवत नाही.

आता हेच यंत्र माझ्या सवयीने चालवून बघा. मागे तीस, पुढे पन्नास. दर मांडणीला वीस मीटरचा फरक, म्हणजे चार मिलिमीटरची चूक आणि तीही दर वेळी एकाच बाजूला. किलोमीटरला साडेबारा मांडण्या होतात. चूक होते 50 मिलिमीटर. पाच सेंटिमीटर म्हणजे बोटभर लांबी, त्यात काय मोठं, असं वाटेल. पण दहा हजारांत एक असा मंद उतार असेल, तर किलोमीटरला सगळा उतारच दहा सेंटिमीटरचा. त्यातला निम्मा यंत्राने खाल्ला. नजर वर झुकलेली असली की पुढचं वाचन जास्त येतं, जमीन आहे त्यापेक्षा खोल भासते आणि आपण तळ हवा त्यापेक्षा उंच ठेवत जातो. पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उतार निम्मा झाला की वेग सत्तर टक्क्यांवर येतो, गाळ बसू लागतो, गाळावर गवत येतं आणि दोन वर्षांत टेलला पाणी पोचत नाही. मग पाटकऱ्याला शिव्या बसतात. वरच्या गावाने पाणी चोरलं म्हणून भांडणं होतात. ती भांडणं पुष्कळदा खरीही असतात. पण काही ठिकाणी तरी चोर लेव्हलच्या पिवळ्या पेटीत बसलेला असतो, हे मी माझ्या चारीवर पाहिलं आहे.

आपल्या जिल्ह्यात हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण आपण शेपटाला आहोत. पैठणच्या धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. तो आधीचे दोन जिल्हे ओलांडून परभणीत येतो. दहा हजारांत एकचाच उतार धरून हिशेब केला तर एवढ्या सगळ्या लांबीत 20.8 मीटरची घसरण होते. सहा-सात मजली इमारतीची उंची दोनशे आठ किलोमीटरवर पसरायची आणि ती कुठेही उलटी होऊ द्यायची नाही. जिंतूर तालुक्यातलं पूर्णेवरचं येलदरी, सेलूजवळचं निम्न दुधना, गोदावरीवरचे ढालेगाव आणि मुद्गलचे बंधारे, या सगळ्यांच्या पाण्यावर शेतं अवलंबून आहेत आणि प्रत्येक चारीच्या टेलला कुणाचं तरी शेत आहे.

खुंट्यांची परीक्षा चूक किती आहे ते सांगते. चूक कुठून येते, हे समजायचं तर दुर्बिणीच्या आत जावं लागतं. माझ्या मते शिकवण्यात सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला भाग हाच आहे, म्हणून पुस्तिकेची जास्तीत जास्त पानं मी त्याला दिली आहेत.

दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला असतं ते ऑब्जेक्टिव्ह भिंग. ते एक दिसत असलं तरी दोन वेगळ्या जातींच्या काचा एकमेकींना चिकटवून केलेलं असतं, नाहीतर स्टाफच्या कडेला रंगीत झालर दिसली असती. डोळ्याकडच्या टोकाला आयपीस. आणि मध्ये, आयपीसच्या जरा पुढे, क्रॉसहेअर. जुन्या यंत्रांत तो खरोखर कोळ्याच्या जाळ्याचा धागा असायचा, कड्यावर ताणून लाखेने चिकटवलेला. आता काचेवर कोरलेली रेघ असते. ऑब्जेक्टिव्हच्या मध्यातून निघून क्रॉसहेअरच्या छेदातून जाणारी जी काल्पनिक रेषा, तीच नजरेची रेघ. पुस्तकात तिला लाइन ऑफ कोलिमेशन म्हणतात. दोन बिंदूंनी रेषा ठरते. क्रॉसहेअरचं कडं ज्या चार बारीक स्क्रूंवर तोललेलं असतं त्यांतला एक सैल झाला, की एक बिंदू हलला. ऑब्जेक्टिव्ह पुसण्यासाठी कुणी त्याची चकती फिरवून काढली आणि परत बसवताना केसभर तिरकी बसली, की दुसरा हलला. दोन्ही वेळा चित्र स्वच्छच दिसतं. स्वच्छ दिसणं आणि सरळ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गाठ विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याच दिवशी बसावी अशी माझी इच्छा आहे.

फोकसचं तर आणखी नाजूक. जुन्या दुर्बिणीत ऑब्जेक्टिव्हची नळीच दातेरी पट्टीवर पुढे-मागे सरकायची. 1908 नंतरच्या काळात येना इथल्या झाइस कारखान्यात हाइनरिख विल्ड या स्विस अभियंत्याने दुर्बिणीच्या पोटातच सरकणाऱ्या भिंगाने फोकस करण्याची रचना लेव्हलमध्ये आणली. नळी बंद राहू लागली, आत धूळ जाणं थांबलं. पण एक गोष्ट दोन्हींत तशीच राहिली : फोकसचं चाक फिरवलं की एक भिंग जागचं हलतं. त्याची सरक नजरेच्या रेघेला तंतोतंत समांतर असेल तर काही बिघडत नाही. ती झिजली, वाकडी झाली, पडल्यामुळे तिच्यात ढिलाई आली, तर जवळच्या स्टाफला फोकस केल्यावर नजरेची रेघ एक असते आणि लांबच्या स्टाफला फोकस केल्यावर दुसरीच. मागची आणि पुढची नजर सारख्या अंतराची ठेवा, असं आपण मुलांना घोकायला लावतो. त्याचं अर्धं कारण इथे आहे. अंतर सारखं असलं की फोकसला हातच लावावा लागत नाही. भिंग जागचं हलत नाही आणि त्याची वाकडी सरक उघडी पडायला वावच राहत नाही.

ही सरक नीट आहे का, हे पाहण्याची जुनी रीत मला फार आवडते. मोकळ्या मैदानात यंत्र मध्ये ठेवून दोरीने एक मोठा कंस आखायचा आणि त्यावर आठ-दहा खुंट्या ठोकायच्या. सगळ्या यंत्रापासून सारख्या अंतरावर, म्हणून फोकस एकदाच. या वाचनांतून खुंट्यांच्या आपसातल्या उंची खऱ्या मिळतात. मग यंत्र कंसाच्या एका टोकापाशी न्यायचं. आता प्रत्येक खुंटी वेगळ्या अंतरावर, प्रत्येकीला नव्याने फोकस. येणारी चूक अंतराबरोबर सरळ वाढत असेल तर दोष क्रॉसहेअरच्या कड्यात आहे आणि तो फील्डवर काढता येतो. ती वेडीवाकडी वर-खाली होत असेल तर दोष सरकेत आहे. मग स्क्रूला हात लावू नये, यंत्र कारखान्यात पाठवावं. विद्यापीठाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या मैदानावर एका सकाळी वर्गाकडून हे करून घेता येतं.

आणि पॅरलॅक्स. हा दोष यंत्राचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. रोज, प्रत्येक मांडणीला होतो आणि तो काढायला अर्धा मिनिट लागतो. स्टाफचं चित्र क्रॉसहेअरच्या पातळीवर न पडता थोडं पुढे किंवा मागे पडलं, की डोळा वर-खाली केल्यावर क्रॉसहेअर स्टाफवर सरकल्यासारखा दिसतो. बसमधून जाताना जवळचं झाड लांबच्या टेकडीवर सरकताना दिसतं, तसंच हे. उपाय असा : दुर्बिणीपुढे पांढरा कागद धरा किंवा ती मोकळ्या आभाळाकडे वळवा, सूर्याकडे चुकूनही नाही. फोकस विस्कटून टाका. फक्त आयपीस फिरवत क्रॉसहेअर काळाभोर, धारदार करा. मग स्टाफकडे वळून फोकसचं चाक फिरवा. मग मान हळूच वर-खाली हलवून बघा. सरकतोय? पुन्हा. आयपीस ज्याच्या त्याच्या डोळ्याला लावायचा असतो. साहेबांनी लावून दिलेल्या आयपीसमधून खलाशी वाचन घेऊ लागला तर ते वाचन साहेबांच्या डोळ्याचं असतं, खलाशाच्या नाही. तरुण डोळा स्वतःच ताण घेऊन दोन्ही चित्रं जुळवून घेतो, त्यामुळे विशीतल्या मुलाला पॅरलॅक्स असूनही सगळं ठीक वाटतं. दुपारी डोळा थकला की वाचनं भरकटू लागतात. फील्ड बुकात दुपारी तीननंतरच्या चुका जास्त सापडतात त्या उगाच नाही.

आमच्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं अभिमानाने म्हणतात. लेव्हलच्या बाबतीत जर्मनीची आठवण मला वेगळ्या कारणाने होते. 1950 साली ओबरकोखेनच्या झाइस कारखान्याने एनआय-2 ही लेव्हल बाजारात आणली. तिच्या पोटात तारांवर लोंबणारा एक कॉम्पेन्सेटर होता. यंत्र जवळपास समतल लावलं की उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करायचं. आज आपल्या हातात असलेली प्रत्येक ऑटो लेव्हल तिच्याच वंशातली. तिने काम सोपं केलं, पण एक गैरसमजही रुजवला : ऑटो आहे म्हणजे बरोबर आहे. कॉम्पेन्सेटर अडकू शकतो. वाचन घेताना तिपाईला बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरून परत त्याच वाचनावर आलं तर तो जिवंत आहे. ढिम्म राहिलं तर यंत्र बाजूला ठेवा. आणि कॉम्पेन्सेटर उत्तम असला तरी क्रॉसहेअर जागेवर असेलच असं नाही. दोन खुंट्या ऑटो लेव्हललाही ठोकाव्याच लागतात.

मोजणीच्या या विद्येचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे आणि त्यातली माणसं मुलांना माहीत असावीत, म्हणून एक छोटं प्रकरण इतिहासाला दिलं आहे. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 साली मद्रासहून सुरू केलेली भारताची महामोजणी बिदरकडून वऱ्हाडात जाताना परभणीच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवरून, नांदेडच्या पलीकडून गेली. जानेवारी 1823 मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारले. कोन मोजण्याचा त्यांचा प्रचंड थिओडोलाइट, अर्ध्या टनाचा, 1808 साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून आदळला आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटन तंबूत बसून सहा आठवडे ते वर्तुळ खेचून-ठोकून सरळ करत राहिले. यंत्र तपासल्याशिवाय आणि सुधारल्याशिवाय एकही कोन पुढे मोजायचा नाही, ही शिस्त आहे. मला त्याहून जवळचे वाटतात अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. मूळचे जवाहिऱ्याचं काम करणारे, बारीक कामाला बसलेला हात. त्या हाताने ते मोजणीची यंत्रं दुरुस्त करू लागले आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात सर्वेक्षणाचे अधिकृत यंत्रकार झाले. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. ज्याच्या हातून यंत्रं सरळ झाली त्याचं नाव निदान सर्व्हे शिकणाऱ्यांनी तरी घ्यावं.

परभणीच्या मातीसाठी वेगळं लिहिणं भाग होतं. परदेशी पुस्तकांत खुंटी जमिनीत ठोका असं असतं. ज्याने ते लिहिलं त्याने आमची काळी जमीन पाहिलेली नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की तिपाईचा पाय त्यात निसटतो. फुगणाऱ्या जमिनीत ठोकलेली खुंटी हंगामाबरोबर वर-खाली होते, म्हणून तात्पुरता बेंचमार्क कधीही शेतात करू नये. मोरीचा कठडा, विहिरीची जुनी दगडी कड, देवळाची पायरी शोधावी. यंत्र पुढे नेताना स्टाफ ज्या जागी राहतो त्या चेंज पॉइंटला तो मोकळ्या ढेकळावर टेकवू नये, पत्र्याची प्लेट किंवा चपटा दगड पायाने दाबून त्यावर धरावा. तिपाईचे पाय काळ्या मातीत रोवल्यावर पाच मिनिटं थांबावं, कारण ती हळूहळू दबत राहते आणि मागची नजर घेऊन पुढची घेईपर्यंत यंत्र मिलिमीटरभर खाली गेलेलं असतं.

ऊन हा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काळ्या रानावरची हवा उकळत्या पाण्यासारखी दिसते आणि स्टाफवरचे आकडे नाचतात. तेव्हा फोकस कितीही फिरवला तरी चित्र स्थिर होत नाही. दोष भिंगाचा नसतो आणि मुलं उगाच स्क्रू पिळत बसतात. तपासणी सकाळी नऊच्या आत करावी, नजर स्टाफच्या खालच्या अर्ध्या मीटरमध्ये जाऊ देऊ नये आणि यंत्रावर छत्री धरावी. छत्री यंत्रासाठी आहे. बबलच्या नळीचं एक टोक तापलं की बबल त्या टोकाकडे सरकतो. वीस सेकंदांच्या बबलमध्ये एका घराची चूक पन्नास मीटरवर जवळजवळ पाच मिलिमीटर होते. हिवाळ्यात उलटं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला किमान तापमानाचा आकडा दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात येतो, तशा पहाटे दुर्बिणीवर दव धरतं. ते पुसू नये, उडू द्यावं. पावसाळ्यात पेटीत ओल राहिली तर भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती पुढे काच खाते. सिलिका जेलची पुडी वर्षातून दोनदा बदलणं यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसण्याची सवय सोडावी. आधी मऊ ब्रशने धूळ झटकावी, मग स्वच्छ कापड. धुळीत वाळू असते, ती काचेवर ओरखडे काढते.

आता उपग्रहांवरून जागा काढणारे रोव्हर आले आहेत, टोटल स्टेशन आले आहेत, जमिनीच्या मोजणीला उपग्रह मदत करतात. मग या जुन्या गोष्टी कशाला, असा प्रश्न तरुण सहकारी मला विचारतात आणि तो रास्त आहे. शेताची हद्द मोजायला रोव्हर उत्तम, मी स्वतः तो आनंदाने वापरतो. पण उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते आणि समुद्रसपाटीवरून मोजलेल्या उंचीपासून ती आपल्या भागात कित्येक मीटरांनी वेगळी पडते. तो फरक काढायचं गणित आहे, पण किलोमीटरला दहा सेंटिमीटरचा उतार त्यावर सोपवायला माझं मन धजत नाही. टोटल स्टेशनच्या तोंडाला अजूनही भिंगच आहे, आत क्रॉसहेअरच आहे आणि पॅरलॅक्स तिथेही होतो. यंत्र खुंटीच्या बरोबर वर आणणारा त्याच्या खालचा ऑप्टिकल प्लमेट तर कुणी तपासतच नाही. जमिनीवर कागद ठेवून खूण करा, प्लमेट 180 अंशांत फिरवून पुन्हा खूण करा. दोन खुणा एकावर एक पडल्या नाहीत तर यंत्र खुंटीच्या डोक्यावर नाही आणि पुढचा प्रत्येक कोन कुठल्यातरी भलत्या बिंदूवरून मोजला जातो आहे.

लिहिताना मी एक ठरवलं होतं. स्क्रू फिरवण्याच्या कृती मोजक्या द्यायच्या आणि पाहण्याच्या कृती सविस्तर. कारण बिघडवणारे हात मी जास्त पाहिले आहेत. चूक मीटरमागे 0.1 मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रूला हात लावू नये, नजरा सारख्या अंतराच्या ठेवून काम करावं. त्याहून जास्त असेल तर आधी परीक्षा दुसऱ्यांदा करावी; दोनदा तेच उत्तर आलं तरच कॅपस्टन पिन उचलावी, एक स्क्रू सैल करून मगच समोरचा आवळावा, पाव फेऱ्याहून जास्त नाही आणि लगेच तिसऱ्यांदा परीक्षा. आकृत्या शक्य तितक्या मोठ्या दिल्या आहेत, कारण पुस्तिका बांधावर, उन्हात, एका हातात धरून वाचली जाईल असं गृहीत धरलं आहे. ज्या खलाशांना वाचन येतं पण इंग्रजी संज्ञा येत नाहीत त्यांच्यासाठी फील्डवर बोलले जाणारेच शब्द ठेवले आहेत. स्टाफला कुणी पट्टी म्हणतं, तिथे पट्टीच लिहिलं आहे.

ज्या चारीवर पाणी थबकलं होतं ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पातळी घेऊन छाटली. त्या वेळी खुंट्या आधी ठोकल्या. तो म्हातारा त्याही वेळी आला. मी त्याला दुर्बिणीतून बघायला दिलं. त्याचा डोळा लागेना, म्हणून आयपीस त्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून दिला. बराच वेळ बघून तो म्हणाला, पट्टी तर डोक्यावर उभी राहिली. त्या जुन्या डंपीत चित्र उलटं दिसायचं. मग मी त्याला चित्र उलटं का दिसतं ते सांगितलं आणि दोघं पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत चालत गेलो.

पुस्तिकेच्या शेवटी कोऱ्या तक्त्यांची बारा पानं जोडली आहेत, दर महिन्याला एक. प्रत्येक पानावर यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ, मधून घेतलेली दोन वाचनं, बाजूने घेतलेली दोन वाचनं आणि मीटरमागची चूक एवढ्या जागा आहेत. पहिल्या पानावरच्या नमुन्यात वर दिलेलेच आकडे भरले आहेत : 1.425, 1.183, 1.512, 1.282.